मांडवीच्या बेटांची यात्रा : मूळ स्थाने, फेरीबोटी आणि भाविक पाहुण्यांसाठी माहिती



दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या, की बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेले आमचे महाजन व कुळावी कुलदेवतेच्या दर्शनासाठी गोव्यात येतात. फोंडा, माशेल आणि डिचोली या भागांतील देवालयांत अभिषेक होतो, ओटी भरली जाते, महाप्रसाद घेतला जातो आणि उरलेले दोन दिवस समुद्रकिनाऱ्यावर जातात. यात गैर काहीच नाही. मात्र ज्या देवतेसाठी आपण शेकडो मैलांचा प्रवास करून आलो, ती मुळात कुठल्या गावची, नदी ओलांडून ती इथे का आली आणि तिचे मूळ गाव आज कसे आहे, हे जाणून न घेताच बहुतेक मंडळी परततात. गोमंतकातील अनेक देवतांची मूळ स्थाने पणजीपासून तासाभराच्या अंतरावर, मांडवी नदीच्या बेटांवर आहेत. त्या बेटांची माहिती, तेथे जाण्याचे मार्ग, अलीकडच्या घडामोडी आणि पाळावयाचे काही नियम भाविकांच्या सोयीसाठी आम्ही येथे एकत्र देत आहोत.

बेटांचा प्रदेश

पणजी आणि जुने गोवे ज्या तालुक्यात येतात, त्याचे नाव तिसवाडी, म्हणजे तीस वाड्यांचा प्रदेश. उत्तरेस मांडवी, दक्षिणेस जुवारी, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस या दोन्ही नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा प्रवाह, अशा चारही बाजूंच्या पाण्यामुळे तिसवाडीचा मुख्य भूभागही एक बेटच ठरतो. पोर्तुगीज या प्रदेशाला 'इल्हास', म्हणजे बेटे, असेच म्हणत. मांडवीच्या पात्रात दिवाडी, चोडण, कुंभारजुवे, जुवे (सांत इस्तेव्ह) आणि वांशी ही वसती असलेली बेटे आहेत. समुद्राची भरती नदीतून आतवर येत असल्यामुळे बेटांभोवतीचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. इथली शेती, मासेमारी आणि नौकानयन या चढ-उतारावरच चालते.

देव बेटांवरून पैलतीरी का गेले

इ. स. १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्क याने तिसवाडी जिंकली. पुढे १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवालये पाडण्यात आली. त्या काळी मांडवीच्या पलीकडील डिचोली आणि कुंभारजुव्याच्या प्रवाहापलीकडील अंत्रुज, म्हणजे आजचा फोंडा, हे महाल आदिलशाहीत होते आणि तेथे पोर्तुगीजांचा हुकूम चालत नव्हता. त्यामुळे पूर्वजांनी देव होडीत घालून रातोरात पैलतीरी नेले. नदीचे पात्र हीच दोन राज्यांची सीमा होती आणि तेवढे पाणी ओलांडले की देव सुरक्षित असे. आज फोंडा, माशेल व डिचोली येथे देवालयांची दाटी दिसते, तिचे कारण हे आहे.

काही देवतांची मूळ व आजची स्थाने अशी :

श्री सप्तकोटेश्वर : मूळ स्थान दिवाडी बेटावरील नार्वे, आजचे स्थान डिचोली तालुक्यातील नार्वे.

श्री महागणपती : मूळ स्थान दिवाडी, आजचे स्थान खांडोळा.

श्री देवकीकृष्ण : मूळ स्थान चोडण, आजचे स्थान माशेल.

श्री शांतादुर्गा कुंभारजुवेकरीण : मूळ स्थान कुंभारजुवे, आजचे स्थान माशेल.

शेवटच्या नावाकडे भाविकांनी अवश्य लक्ष द्यावे. देवी माशेलला आली, तिला तेथे साडेचार शतकांहून अधिक काळ लोटला, तरी तिच्या नावातून कुंभारजुवे गेलेले नाही. परगावी स्थायिक झालेल्या आपल्यापैकी अनेकांच्या आडनावातही असेच एखादे गाव टिकून राहिले आहे.

पहिला दिवस : दिवाडी बेट आणि सप्तकोटेश्वराची वाट

एकच दिवस हाताशी असेल, तर तो दिवाडीसाठी द्यावा, असे आम्ही सुचवू.

पणजीहून पूर्वेस निघाल्यावर रायबंदरपर्यंत लागणारा सरळ बांध हा सतराव्या शतकातील पोर्तुगीजांचा पूल असून त्याची लांबी सुमारे तीन किलोमीटर आहे. पुढे जुने गोवे लागते. तेथील चर्चवास्तूंचा १९८६ साली जागतिक वारसा यादीत समावेश झाला. व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरले, की फेरीबोटीचा धक्का आहे. येथून दिवाडीला जाणारी फेरीबोट काही मिनिटांत पैलतीरी पोहोचते. रायबंदर येथूनही दिवाडीसाठी फेरी आहे.

दिवाडीवर पिएदाद, मळार आणि नार्वे ही प्रमुख गावे आहेत. धक्क्यापासून पिएदादच्या टेकडीकडे जाणारा रस्ता दोन्ही बाजूंच्या खाजण शेतीमधून जातो. टेकडीच्या माथ्यावर पिएदादचे चर्च आहे. तेथून मांडवीचे पात्र, जुन्या गोव्याची शिखरे आणि चोडणची किनार एका नजरेत दिसते. श्री गणपतीचे मूळ मंदिर या परिसरात होते, असे मानले जाते. चर्चलगतच्या दफनभूमीतील लहान प्रार्थनागृहात कदंबकालीन मंदिराचा मानला जाणारा कोरीव भाग आजही पाहावयास मिळतो. ती वापरातील दफनभूमी आहे, याचे भान ठेवून परवानगीने, शांतपणे आणि मोजक्या संख्येने तेथे जावे.

पिएदादहून बेटाच्या पूर्वेकडे गेल्यावर नार्वे लागते. गोव्याच्या कदंब राजांचे आराध्य दैवत असलेला श्री सप्तकोटेश्वर येथला. सप्तर्षींनी केलेल्या तपश्चर्येने प्रसन्न होऊन शंकर येथे प्रकट झाले, अशी पुराणकथा आहे. कदंब राजे 'सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद लाभलेले' अशा अर्थाचे बिरूद अभिमानाने धारण करीत आणि ते त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवरही कोरलेले आढळते. बाराव्या शतकातील शिवचित्त पेर्माडी आणि त्याची राणी कमलादेवी यांची सप्तकोटेश्वरावर विशेष श्रद्धा होती. बेळगावकर भाविकांना कमलादेवीचे नाव परिचित असेल. कित्तूरजवळील देगाव येथले सुंदर कमलनारायण मंदिर तिनेच बांधविले. बेळगाव प्रांत आणि मांडवीचे हे बेट त्या काळी एकाच राजघराण्याच्या छत्राखाली होते.

या देवाने दोन वेळा विध्वंस सोसला. चौदाव्या शतकात बहामनी आक्रमणात मंदिर नष्ट झाले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात विजयनगरचा माधव मंत्री याने लिंग शोधून त्याची पुन्हा प्रतिष्ठापना केली. नंतर पोर्तुगीजांनी मंदिर पाडले. शिवलिंग विहिरीच्या रहाटासाठी वापरले जात होते आणि नारायण शेणवी सूर्यराव यांनी ते तेथून सोडवून नदीपलीकडे नेले, असे परंपरा सांगते. पैलतीरी ज्या गावी देवाची स्थापना झाली, त्या गावालाही नार्वे हेच नाव आहे.

दिवाडीच्या नार्वे येथे आज उभे मंदिर नाही. प्राचीन तळी आणि मंदिराचे अवशेष तेवढे आहेत. काही भाविक येथे येऊन निराश होतात, असे आमच्या कानावर येते. त्यांना आमची विनंती, की तळीच्या काठी थोडा वेळ बसावे, तेथील दगड हलवू नयेत, अवशेषांचा तुकडा 'आठवण' किंवा 'प्रसाद' म्हणून घेऊन जाऊ नये. मूळ जागी जे थोडके उरले आहे, ते तेथेच राहिले तरच पुढच्या पिढीला ही जागा ओळखता येईल.

यानंतर परत जुन्या गोव्याकडे न वळता, दिवाडीच्या नार्वे धक्क्यावरून पैलतीरी डिचोलीच्या नार्वेला जाणारी फेरीबोट घ्यावी. जो देव होडीतून पलीकडे नेला गेला, त्याच्याच वाटेने, त्याच पाण्यावरून आपण जात असतो. प्रवास अवघ्या काही मिनिटांचा आहे. ही पाच-दहा मिनिटे ज्यांनी अनुभवली, त्यांना सप्तकोटेश्वराचे दर्शन वेगळे वाटते, असा आमचा अनुभव आहे. वाहनाने पूल ओलांडून थेट देवळाच्या दारात उतरणाऱ्या भाविकाला हे कळत नाही.

पैलतीरीचे आजचे मंदिर छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने बांधले गेले. १३ नोव्हेंबर १६६८ रोजी त्याच्या जीर्णोद्धारास प्रारंभ झाल्याचा शिलालेख मंदिरात आहे. तो दाराशी थांबून अवश्य पाहावा. मंदिर भव्य नाही. कौलारू मंडप, घुमट, समोर दीपस्तंभ आणि बाहेर काळभैरवाचे स्थान अशी त्याची साधी मांडणी आहे. गाभाऱ्यातील शिवलिंग हे धारलिंग, म्हणजे पैलू असलेले लिंग आहे. गोकुळाष्टमीस नार्वे येथे नदीत स्नान करण्याची जुनी परंपरा असून त्या दिवशी मोठी गर्दी असते.

दुसरा दिवस : चोडण आणि माशेल

चोडण हे मांडवीतील मोठे बेट आहे. रायबंदरहून फेरीबोटीने तेथे जाता येते. मागील बाजूने मये मार्गे डिचोलीशीही रस्त्याने संबंध आहे. बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १७८ हेक्टर असून ते जवळजवळ सर्व खारफुटीचे रान आहे. ऑक्टोबर ते मार्च या काळात स्थलांतरित पक्षी येतात, तेव्हा सकाळी लवकर जाणे चांगले. खारफुटीच्या आतील प्रवाहांतून होडीने फिरावयाचे असल्यास भरतीची वेळ साधावी लागते. ओहोटीला होडी चिखलात रुतते. ओहोटीच्या चिखलावर उड्या मारणारे मासे पाहण्यात मात्र लहान मुले रमून जातात.

चोडणहून मग माशेल गाठावे. चोडणचा देवकीकृष्ण तेथे आहे. कडेवर बाळकृष्ण घेतलेली देवकी, असे या मूर्तीचे रूप आहे. यशोदेसह कृष्ण सर्वत्र दिसतो, जन्मदात्या देवकीसह त्याची पूजा होणे विरळाच. आषाढी एकादशीला या मंदिरात अखंड भजन सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी मंदिरासमोरील पटांगणात चिखलकाला होतो. अंगाला तेल लावलेले गावकरी पावसाच्या चिखलात कृष्णाचे बालपणीचे खेळ खेळतात. आषाढात येणाऱ्या भाविकांनी हा सोहळा चुकवू नये. जवळच श्री शांतादुर्गा कुंभारजुवेकरीण आणि खांडोळ्याचा महागणपती यांचे दर्शन त्याच दिवशी होऊ शकते.

तिसरा दिवस : कुंभारजुवे आणि जुवे

ही दोन्ही बेटे आता पुलांनी जोडलेली असल्याने वाहनाने जाता येते. कुंभारजुव्याचे वैशिष्ट्य म्हणजे सांगोड. गणेशोत्सवाच्या सातव्या दिवशी दोन होड्या एकत्र बांधून त्यावर मखर उभारतात, गणपतीची मूर्ती ठेवतात आणि पौराणिक देखाव्यांच्या होड्यांसह प्रवाहातून मिरवणूक निघते. पाहणारे काठावर उभे असतात. कुंभारजुव्याच्या प्रवाहात मगरींचा वावर आहे, हे ध्यानी ठेवून मुलांना पाण्यात उतरू देऊ नये.

जुवे अथवा सांत इस्तेव्ह हे हिरवेगार बेट आहे. येथील लांब, सात शिरांची भेंडी गोव्यात प्रसिद्ध आहे. हंगाम असेल तर बाजारात विचारून घ्यावी. बेटाच्या टोकावर लहानसा किल्ला आहे. नोव्हेंबर १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने हा किल्ला रात्री ओहोटीच्या वेळी जिंकला. तो परत घेण्यासाठी आलेल्या खुद्द व्हाइसरॉयच्या फौजेची मराठ्यांनी दाणादाण उडविली. व्हाइसरॉय कसाबसा जीव वाचवून जुन्या गोव्यास परतला आणि त्याने संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवून रक्षणाची याचना केली, हे प्रसिद्ध आहे. किल्ल्यावर आज ख्रिस्ताचा पुतळा आहे. वरून दिसणारी शेते आणि पाणी पाहिले, की ओहोटीचे महत्त्व ध्यानात येते.

खाजण : बेटांचा खरा आधार

बेटांवर फिरताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नदीच्या पातळीपेक्षा खाली असलेली भातशेते दिसतील. त्यांना खाजण म्हणतात. पूर्वजांनी भरतीचे पाणी मातीच्या बांधांनी अडवून ही जमीन मिळविली. बांधात ठराविक जागी लाकडी दारांची मानस असते. भरती आली की पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटते आणि खारे पाणी बाहेर राहते. ओहोटीला आतले पावसाचे पाणी दार ढकलून बाहेर पडते. यंत्र नाही, वीज नाही. खारटपणा सोसणारे कोरगुट भात या शेतांत पिकते आणि मानशीपाशी मासळी मिळते.

ही व्यवस्था गावकरी नावाच्या ग्रामसंस्थेकडे होती. तिसवाडीतील गावकऱ्यांच्या चालीरीतींची नोंद पोर्तुगीजांनी १५२६ साली करून घेतली, यावरून ती त्यांच्या आधीची असल्याचे सिद्ध होते. बांध बांधणे, दुरुस्त करणे, पाण्याची राखण करणे आणि देवालयाचा खर्च पाहणे ही सर्व कामे याच संस्थेची. देव पैलतीरी गेले, तरी बांध गावातच राहिले आणि गावकऱ्यांनी ते राखले.

१९६१ च्या मुक्तीनंतर १९६४ साली कूळ कायदा झाला. कसणाऱ्यास हक्क मिळाला, हे न्याय्यच होते. बांधांची जबाबदारी मात्र गावकरीकडून कुळांच्या संघांकडे गेली. अनेक ठिकाणी शेती परवडेनाशी झाली, तरुण नोकरीसाठी बाहेर पडले, मानशी मासेमारीच्या पावणीत गेल्या आणि मासळीसाठी खारे पाणी आत घेतले जाऊ लागले. बांध एकदा फुटला, की खाऱ्या पाण्याने शेत नापीक होते आणि मीठ धुऊन निघण्यास काही पावसाळे जावे लागतात. तोवर तेथे खारफुटी वाढते. पाहुण्यांना ते हिरवे रान सुंदर वाटते. गावाला मात्र ते हरवलेले शेत असते. विहिरींचे पाणीही मचूळ होऊ लागते.

आम्ही हे विस्ताराने लिहिले, याचे कारण आहे. देवतेचे मूळ गाव म्हणजे तेथील पडकी भिंत एवढेच नव्हे. ज्या शेतातल्या भाताचा नैवेद्य देवाला जात असे, ज्या बांधावरून पालखी जात असे, ज्या तळीचे पाणी अभिषेकाला येत असे, ते सारे मिळून मूळ स्थान होते. मंदिर दुसरीकडे नेता आले, खाजण नेता आले नाही. म्हणून बेटावर पाऊल ठेवताना आपण एखादे पर्यटनस्थळ पाहावयास आलेलो नसून देवाच्या माहेरी आलो आहोत, ही जाणीव असावी.

अलीकडील घडामोडी

१. नार्वे (डिचोली) येथील श्री सप्तकोटेश्वर मंदिराचे गोवा शासनातर्फे जतन व नूतनीकरण होऊन ११ फेब्रुवारी २०२३ रोजी ते भाविकांसाठी पुन्हा खुले झाले.

२. रायबंदर ते चोडण या मार्गावर जुलै २०२५ मध्ये रो-रो फेरीबोटी सुरू झाल्या. जुन्या फेरीबोटींपेक्षा त्यांत अधिक वाहने मावतात.

३. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झाली. दाबोळी विमानतळही चालू आहे. तिकीट काढताना उतरण्याचा विमानतळ कोणता, ते नीट पाहावे. दोहोंमध्ये बरेच अंतर आहे.

४. दिवाडीवरील बोंदेराम हा ध्वजांचा उत्सव ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी पिएदाद येथे होतो. त्याचा उगम गावांच्या सीमांच्या जुन्या वादांत आहे. त्या दिवशी फेरीबोटींना फार गर्दी असते. केवळ मूळ स्थानाच्या दर्शनासाठी येणाऱ्यांनी तो दिवस टाळावा.

कसे यावे

बेळगावहून चोर्ला घाटाने साखळी, डिचोली मार्गे थेट नार्वे गाठता येते. अशा भाविकांनी प्रवास उलट दिशेने करावा : आधी सप्तकोटेश्वर, मग फेरीने दिवाडी आणि शेवटी जुने गोवे. ग्वाल्हेरहून गोवा एक्सप्रेस बेळगाव, लोंडा मार्गे मडगावला येते. बडोद्याकडील मंडळींना कोकण रेल्वेचा मार्ग सोयीचा आहे. जुन्या गोव्याला सर्वांत जवळचे स्थानक करमळी. तेथे सर्व गाड्या थांबत नाहीत, म्हणून थिवी अथवा मडगाव येथे उतरण्याची तयारी ठेवावी.

भाविकांसाठी सूचना

१. फेरीबोटी नदी परिवहन खात्यातर्फे चालतात. वेळा व आकार धक्क्यावरील फलकावर पाहावेत, सुटे पैसे जवळ ठेवावेत आणि परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ बेटावर उतरतानाच विचारून घ्यावी.

२. फेरीबोट गावकऱ्यांची रोजची वाहतूक आहे. सकाळी आणि संध्याकाळी शाळकरी मुले, नोकरदार, रुग्ण यांना आधी चढू द्यावे. मोठ्या बसगाड्या धक्क्यापाशी ठेवून पायी जावे अथवा लहान वाहने घ्यावीत.

३. पावसाळ्यात नदीला जोर असताना फेऱ्या थांबविल्या जातात. चालकाशी वाद घालू नये. तो नदी ओळखतो.

४. खाजणाच्या बांधावर वाहन नेऊ नये. मानशीच्या दारांना हात लावू नये. मातीचा बांध चाकांनी खचतो आणि एका भरतीत फुटतो.

५. बेटांवर उपाहारगृहे कमी आहेत. पिण्याचे पाणी व थोडा फराळ सोबत असावा, मात्र प्लास्टिक पिशव्या व बाटल्या परत न्याव्यात. पानांतील निर्माल्य नदीत टाकू नये.

६. मूळ स्थानी अनेक ठिकाणी आज चर्च, क्रूस अथवा खाजगी घरे आहेत. तेथे घोषणा, आरत्या, नारळ फोडणे टाळावे. बेटांवरील ख्रिस्ती बांधवही त्याच गावकरींचे वंशज आहेत. त्यांच्या पूर्वजांनीही तो काळ सोसला आहे. आपुलकीने विचारल्यास जुनी तळी, जुनी वाट दाखवावयास अनेकदा तेच पुढे येतात.

७. ज्येष्ठ भाविकांना पिएदादच्या टेकडीचा चढ व फेरीबोटीचा उतार त्रासदायक होऊ शकतो. सकाळची वेळ निवडावी.

८. शक्य असल्यास गावातील भात, भाजी, फळे तेथेच विकत घ्यावीत. बेटावर शेती टिकली तर बांध टिकतील, हे त्यामागील कारण.

महाजनांस विनंती

परगावी राहणाऱ्या महाजन व कुळाव्यांना आमची आग्रहाची विनंती, की कुलदेवतेच्या दर्शनास मुलाबाळांसह याल तेव्हा एक दिवस मूळ गावासाठी अवश्य राखून ठेवावा. घरातील वडीलधाऱ्यांकडे मूळ गावाविषयी जी नावे, वाटा, तळ्या, जुन्या घरांच्या खुणा स्मरणात असतील, त्या लिहून काढून देवस्थानच्या कचेरीत आणून द्याव्यात. ज्यांनी हे ऐकले आहे, अशी पिढी आता थोडी उरली आहे. कागदावर न आलेली आठवण त्यांच्याबरोबर जाईल, आणि मग मूळ गाव केवळ आडनावात राहील.

सप्तकोटेश्वराच्या देवळात दीपमाळ पेटते, तेव्हा तिचा प्रकाश नदीपलीकडील दिवाडीच्या शेतांपर्यंत पोहोचत नाही. ते अंतर फेरीबोटीने मात्र दहा मिनिटांत पार होते. यंदाच्या सुट्टीत आपण ते पार करावे.

आपली यात्रा सुखरूप व सफल होवो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.